मुरुमांवरचे मलम : चार दिवसांत गुण आणि पुढचे पाच महिने

कृष्णाकाठ (सांगली)

माझी मुलगी 17 वर्षांची असून यंदा बारावीला आहे. तिच्या गालांवर आणि हनुवटीच्या कडेने दोन वर्षांपासून मुरूम येत होते. सुरुवातीला ‘वयाचे आहेत, जातील आपोआप’ म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. मग सासूबाई सहाणेवर दुधात जायफळ उगाळून देऊ लागल्या, मी बेसन-हळद लावून पाहिली, आणि मैत्रिणींचे ऐकून तिने स्वतः लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळली, ज्याने गालावर एक काळपट ओघळ उमटला तो महिनाभर गेला नाही. गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नाला पंधरा दिवस उरले असताना मी जवळच्या औषधाच्या दुकानात गेले आणि ‘मुरमांवर काहीतरी द्या’ असे म्हटले. काउंटरवरच्या मुलाने एक मलम हातात ठेवले. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही आणि मलमात काय आहे हे मीही विचारले नाही.

चौथ्या दिवशी मुरूम बसले. लाली गेली, डाग फिके पडले, रंगही उजळल्यासारखा वाटू लागला. लग्नात दोन नातेवाइकांनी ‘हिला काय लावता?’ असे कौतुकाने विचारले आणि मी मलमाचे नाव सांगून मोकळी झाले. ते आठवले की आजही मला फार वाईट वाटते.

मलम संपले की नवे आणायचे, असे मे महिन्यापर्यंत चालले. मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा मलम घरीच राहिले. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा लालबुंद झाला आणि पूर्वी कधीही नव्हते इतके, सगळे एकाच आकाराचे बारीक फोड गालभर उठले. परत येऊन मलम लावले तर दोन दिवसांत शांत, थांबवले की पुन्हा आग. एका दुपारी ती पंख्याखाली ओला रुमाल तोंडावर धरून बसली होती आणि म्हणाली, “आई, कोणीतरी तिखट चोळल्यासारखे होते आहे गं.” मी तिला गच्चीवर उन्हात नेऊन नीट पाहिले, तेव्हा गालांवर पूर्वी नसलेली दाट लव दिसली आणि कातडीखाली लाल दोऱ्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. त्या रात्री मोबाइलच्या कॅमेऱ्याने अक्षरे मोठी करून मी मलमाच्या नळीवरचा मजकूर पहिल्यांदा वाचला. त्यात क्लोबेटासोल हे स्टिरॉइड होते, मायकोनाझोल हे बुरशीवरचे औषध होते आणि निओमायसिन हे प्रतिजैविक होते.

आता त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत. ते मलम बंद केले असून पोटात घ्यायला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, एक सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन इतकेच दिले आहे. त्वचा शांत झाल्याखेरीज मुरमांचे खरे उपचार सुरू करता येणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. हे सगळे या मंचावर लिहिण्यामागे दोन हेतू आहेत. पहिला, कोणीही अशा मलमाच्या नादी लागू नये. दुसरा, पुढे मुरमांचे योग्य उपचार कसे असतात, किती दिवस चालतात आणि घरी रोज काय करायचे, हे जाणकारांकडून समजून घ्यावे.

शतावरी (त्वचारोगतज्ज्ञ)

ताई, आपण हे सविस्तर लिहिलेत हे फार चांगले केले. माझ्या बाह्यरुग्ण विभागात असा चेहरा दिसला नाही असा आठवडा जात नाही, आणि बहुतेक वेळा गोष्ट हीच असते: लग्न, मुलाखत किंवा गॅदरिंग जवळ आलेले असते आणि चार दिवसांत गुण हवा असतो.

स्टिरॉइडने मुरूम का बसतात हे आधी सांगते, कारण ते कळले की मोह कमी होतो. स्टिरॉइड दाह दडपते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे लाली झटकन जाते आणि रंग उजळल्याचा भास होतो. मुरूम ज्या कारणाने येतो ते कारण मात्र जागच्या जागी राहते. दरम्यान कातडी पातळ होत जाते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात, लव वाढते आणि स्टिरॉइड थांबवताच दडपलेला दाह दुप्पट जोराने उसळतो. क्लोबेटासोल हे तर त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांतील सर्वांत प्रखर वर्गातले औषध आहे. त्वचेच्या काही आजारांत ते मीही लिहून देते, पण चेहऱ्यासाठी ते सहसा नसतेच. अशी त्वचा पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात, आणि मधल्या काळात आग असह्य झाली म्हणून तेच मलम ‘एकदाच’ लावण्याची इच्छा होते. तेवढे मात्र होऊ देऊ नका. आग वाढली तर तुमच्या डॉक्टरांना कळवा. ती शमवण्यासाठी स्टिरॉइड नसलेली औषधे आहेत.

आता मूळ मुरमांविषयी. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल तयार करतात. त्याच वेळी रोमकूपाच्या (केस उगवतो त्या छिद्राच्या) तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते. आत तेल साचते, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा नेहमी त्वचेवरच राहणारा जिवाणू त्यात वाढतो आणि दाह सुरू होतो. बूच उघडे असेल तर वरचे टोक काळे दिसते, तो ब्लॅकहेड. ते काळे टोक म्हणजे मळ नव्हे. हवेशी संपर्क आल्याने गडद झालेला तो मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि तेलाचा थर असतो. म्हणून चेहरा कितीही घासला तरी तो जात नाही, उलट घासण्याने दाह वाढतो. आज डोळ्यांना दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात त्वचेच्या आत कित्येक आठवडे आधी झालेली असते. उपचारांना आठ ते बारा आठवडे लागतात, त्याचे कारण हेच आहे. जे औषध चार दिवसांत सगळा चेहरा स्वच्छ करते, त्याच्यावर सर्वांत आधी संशय घ्यावा.

सौम्य आणि मध्यम मुरमांसाठी पायाभूत औषध म्हणजे ॲडापलीनसारखे रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध. ते बूच बसू देत नाही. रात्री चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा होऊ देऊन, वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी मिळून सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचे. बहुतेक मुले ते फक्त दिसणाऱ्या फोडावर टिपक्यासारखे लावतात आणि ‘उपयोग झाला नाही’ म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावावे. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे टाळावेत. सुरुवातीला त्वचा सोलवटते आणि काही जणांचे मुरूम थोडे वाढल्यासारखे दिसतात, तेव्हा घाबरून औषध सोडू नये. मॉइश्चरायझर आधी लावून त्यावर जेल लावले तरी चालते.

सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जिवाणूनाशक, शक्यतो अडीच टक्क्यांचे. अडीच टक्के आणि दहा टक्के यांच्या गुणात फारसा फरक पडत नाही. जळजळीत मात्र पडतो. याने टॉवेल आणि उशीच्या अभ्ऱ्यांचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरावेत. क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचे जेल एकटे कधीही लावू नये, कारण जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच द्यायचे असते. पोटातली प्रतिजैविकेही त्याच कारणासाठी शक्यतो तीन महिन्यांच्या आत थांबवायची असतात.

तुमच्या मुलीला मात्र यातले काहीही आत्ता लावू नका. तिची त्वचा सध्या साधे पाणीही कसेबसे सोसत असेल. तुमच्या डॉक्टरांनी योग्य क्रम धरला आहे.

जायफळाबद्दल विचारले नाहीत, तरी सांगते. सासूबाईंच्या मायेबद्दल मला आदर आहे. जायफळाने मोठे नुकसान होत नाही, पण मुरुमाचे बूचही निघत नाही, आणि वाळलेला लेप खरवडताना फोड फुटतो. लिंबू मात्र कटाक्षाने टाळा. ते फार आम्लधर्मी तर आहेच, शिवाय त्याचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे पट्टे उमटू शकतात. तुमच्या मुलीच्या गालावरचा ओघळ बहुधा तोच होता.

कोयनाथडी (औषधविक्रेता, कराड)

मी बावीस वर्षे दुकान चालवतो, त्यामुळे हा धागा वाचून मान खाली गेली. त्वचेवर लावायची स्टिरॉइडे 2018 साली शेड्यूल एचच्या कक्षेत स्पष्टपणे आणली गेली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण आणि इशारा छापलेला असतो. तरीही ही मलमे सर्रास हातोहात विकली जातात, हे नाकारून उपयोग नाही. गिऱ्हाईक मलमाचे नाव घेऊनच येते, ‘शेजारणीला बरे वाटले’ म्हणते, आणि नाही म्हटले तर समोरच्या दुकानात जाते. मी गेली सहा वर्षे नाही म्हणतो आहे.

घरात एखादे मलम असेल तर त्यावरचा घटकांचा मजकूर वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडांपैकी काही दिसले तर ते मुरुमांसाठी नाही, एवढे लक्षात ठेवा. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही मलमांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे तीन घटक एकत्र असतात, आणि तीही लोक वर्षानुवर्षे लावत राहतात. ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत, ती तर घरातही आणू नये.

संत्रानगरी (नागपूर)

माझ्या मुरुमांची तऱ्हा वेगळी होती म्हणून लिहितो. एकोणिसाव्या वर्षी माझ्या जबड्यावर आणि पाठीवर गाठी येऊ लागल्या. बोट लावले तरी ठणका बसत असे, आणि शर्टाच्या पाठीवर रक्ताचे ठिपके दिसत म्हणून मी दोन वर्षे गडद रंगाचेच शर्ट घातले. जेल, गोळ्या, सगळे करून झाल्यावर डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचे रेटिनॉइड सुरू केले. माझे वजन 60 किलो होते. रोज 30 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. एकूण मात्रा किलोमागे 120 मिलिग्रॅम व्हावी असा त्यांचा हिशेब होता, म्हणजे 7,200 मिलिग्रॅम. रोज 30 प्रमाणे तो आठ महिन्यांत पूर्ण व्हायचा होता. ही गोळी स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर नीट शोषली जाते, म्हणून मी रात्री तूप लावलेल्या पोळीनंतर ती घेत असे.

पहिला महिना अवघड गेला. ओठ इतके फुटले की जांभई देताना रक्त येई, आणि मे महिन्यातल्या आमच्या उन्हात दोनदा नाकातून रक्त आले. पेट्रोलियम जेली सदैव खिशात असे. यकृताची आणि रक्तातील मेदाची तपासणी सुरू करण्यापूर्वी झाली आणि नंतरही झाली. तिसऱ्या महिन्यात ट्रायग्लिसराइड वाढलेले दिसले म्हणून डॉक्टरांनी काही काळ मात्रा कमी केली. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करायचे नाही, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले. पाचव्या महिन्यात नव्या गाठी येणे थांबले. गोळ्या बंद करून चार वर्षे झाली, कधीतरी एखादी पुटकुळी येते, तेवढेच.

ज्या गाठी मी नखांनी फोडल्या त्यांचे खड्डे मात्र राहिले. डाग आणि खड्डा यांतला फरक मला तेव्हा माहीत नव्हता. डाग सपाट असतो आणि महिन्यांनी का होईना फिका पडतो; खड्डा आपोआप भरत नाही. ज्यांची मुले आरशासमोर फोड दाबत बसतात, त्यांनी त्यांना माझे हे वाक्य दाखवावे.

मांडवीकिनारा (मडगाव)

एक छोटा अनुभव. माझ्या कपाळावर, छातीवर आणि पाठीवर अगदी सारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या येत, आणि त्यांना खाज सुटे. पावसाळ्यात त्या हटकून वाढत. मुरूम समजून मी चार महिने प्रतिजैविके घेतली आणि त्या वाढतच गेल्या. शेवटी ते मुरूम नसून मॅलसेझिया या बुरशीमुळे रोमकूपांना आलेली सूज आहे असे निदान झाले, आणि किटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाने तीन आठवड्यांत त्या गेल्या. खाज सुटणारे, ब्लॅकहेड नसलेले आणि एकाच साच्यातले फोड असतील तर डॉक्टरांना हे अवश्य विचारावे.

दूरदेशी (न्यू जर्सी)

येथे ॲडापलीनचे 0.1 टक्क्यांचे जेल 2016 पासून चिठ्ठीशिवाय मिळते, पण आयसोट्रेटिनॉइनसाठी नियम फार कडक आहेत. मी ते घेतले तेव्हा सरकारमान्य कार्यक्रमात नाव नोंदवावे लागले आणि गर्भ नसल्याची तपासणी केल्याखेरीज पुढच्या महिन्याच्या गोळ्या हातात पडत नसत. सुरुवातीला मला तो जाच वाटला. मग डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावले की गरोदरपणात हे औषध पोटात गेले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात आणि चेहऱ्याच्या रचनेत गंभीर व्यंग येऊ शकते. भारतात माझ्या मामेबहिणीला हीच गोळी चिठ्ठीवर मिळाली, तेव्हा तिचे लग्न ठरलेले होते आणि हे तिला कोणीही सांगितले नव्हते. मी फोनवर सांगितले तेव्हा ती अक्षरशः रडू लागली. गोळी सुरू करण्यापूर्वी, चालू असताना आणि थांबवल्यानंतर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, हे प्रत्येक मुलीला आणि तिच्या नवऱ्यालाही माहीत असायला हवे.

शतावरी (त्वचारोगतज्ज्ञ)

दूरदेशी यांनी लिहिलेले प्रत्येक डॉक्टरने चिठ्ठी लिहिण्याआधी सांगितलेच पाहिजे, आणि सांगितले नसेल तर रुग्णाने विचारलेच पाहिजे. त्यात एकच भर घालते: आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र घेऊ नयेत, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. घरात भावाच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि बहीण त्या घेते, असे मी पाहिले आहे.

खड्ड्यांविषयी थोडेसे. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे असतील तर त्यांच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा थेंब टूथपिकच्या टोकाने सोडतात. खालून ओढले गेलेले पसरट खड्डे असतील तर सुईने आतले तंतू सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) आणि लेसर त्यानंतर. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर कोणत्याही जखमेनंतर काळा डाग पडण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे लेसरची तीव्रता जपून ठरवावी लागते आणि एका बैठकीत चमत्कार सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. नवे मुरूम येणे थांबल्याखेरीज यातले काहीही सुरू करण्यात अर्थ नसतो. पार्लरमधले फेशियल तर मुरूम चालू असताना करूच नये. मसाज आणि वाफेने त्वचा चिघळते, आणि अकुशल हातांनी ब्लॅकहेड दाबून काढताना दाह अधिक खोल ढकलला जातो.

ताई, मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील किंवा वजन झपाट्याने वाढले असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांचाही सल्ला घ्या. मात्र पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएसचा (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या विकाराचा) शिक्का मारून घेऊ नका. त्या वयात अंडाशय तसे दिसणे स्वाभाविक असू शकते. खर्चाची अडचण असेल तर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

आणखी एक, आपल्याकडच्या सवयीचे. कपाळावर आणि केसांच्या कडेने येणारे मुरूम पुष्कळदा डोक्याला चोपडलेल्या तेलाचे असतात. तेल लावायचेच असेल तर धुण्याआधी तासभर लावावे, रात्रभर ठेवून उशीला पुसू नये.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढून आता अकरा आठवडे झाले. पहिले चार आठवडे अतिशय कठीण गेले. दोनदा ती आरसा पालथा ठेवून कॉलेजला गेली नाही. त्यानंतर आग कमी होत गेली. आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी ॲडापलीन आठवड्यातून दोनदा सुरू केले आहे. लव अजून आहे, उजव्या गालावरच्या रक्तवाहिन्याही दिसतात, पण ती आता ओला रुमाल घेऊन बसत नाही. ज्या दोघींना मी मलमाचे नाव सांगितले होते त्यांना मी स्वतः फोन केले. एकीने ते कधीच बंद केले होते. दुसरीची मुलगी ते अजून लावत होती. तिला घेऊन मी परवा आमच्याच डॉक्टरांकडे गेले.

एक शंका राहिली. दिवाळी आठ दिवसांवर आली आहे आणि सासूबाईंनी उटणे भिजवायची तयारी केली आहे. अभ्यंगस्नानाला तिने तेल-उटणे लावावे का?

शतावरी (त्वचारोगतज्ज्ञ)

अंगाला अवश्य लावू द्या, सासूबाईंच्या हातूनच. मानेच्या वर मात्र तेल नको आणि उटणे नको. चेहऱ्याला तिचा रोजचा फेसवॉश, कोमट पाणी आणि न घासता टिपून घ्यायला मऊ टॉवेल. त्या आठवड्यात ॲडापलीनची रात्र चुकवू नका, आणि फराळानंतर उन्हात फिरायला जाणार असाल तर दोन बोटांवर मावेल इतके सनस्क्रीन लावून मगच घराबाहेर पडू द्या.